जीर्णोद्धार की नवी मूर्ती?
('सिंहगड' या मूकपटाच्या निमित्ताने)

गेल्या वैशाखात सुट्टीनिमित्त मी डिंगोऱ्यास आमच्या मूळ घरी होतो. तेथे माझा एक जुना विद्यार्थी मुद्दाम भेटीस आला. जुन्या चित्रफिती संगणकावर स्वच्छ करण्याचे काम त्यास चांगले अवगत आहे आणि त्यावरच त्याची उपजीविका चालते. ओटीवर चहा झाल्यावर त्याने आपला बेत माझ्यापुढे मांडला. बाबूराव पेंटर यांचा १९२३ सालचा 'सिंहगड' हा मूकपट आज पाहावयास मिळत नाही. परंतु तो ज्या कादंबरीवरून घेतला, ती हरि नारायण आपट्यांची 'गड आला पण सिंह गेला' वाटेल त्या ग्रंथालयात मिळते. महाराष्ट्र फिल्म कंपनीची काही छायाचित्रेही छापून प्रसिद्ध झालेली आहेत. आणि शब्द पुरवले की चित्रे निर्माण करणारी यंत्रे आता निघाली आहेत. तेव्हा कादंबरीचा मजकूर व ती छायाचित्रे यंत्रास देऊन हा चित्रपट पुन्हा उभा का करू नये? "सर, प्रस्तावनेला तुमची चार पाने हवीत," असे तो म्हणाला. चार पाने मी लिहिली आहेत, ती हीच. ती त्याच्या उपयोगी पडतील असे मात्र मला वाटत नाही.

त्याच्या बेताने मला प्रथम आनंदच झाला, हे मी लपवीत नाही, कारण 'सिंहगड' हे नाव आमच्या घरात फार जुने आहे. माझे आजोबा १९११ चे. दहा-बारा वर्षांचे असताना नारायणगावच्या यात्रेत तंबूमध्ये आपण तो चित्रपट पाहिला, असे ते सांगत. डिंगोऱ्याहून बैलगाडीने जाणे, रात्र तेथेच काढणे, पडद्यासमोर मातीत बसणे हे सारे त्यांच्या सांगण्यात असे. आणि मग शेवटी, "तानाजीनं जी आरोळी मारली, ती अजून कानात आहे," हे वाक्य ठरलेले. मी महाविद्यालयात गेल्यावर एकदा त्यांना धीर करून विचारले, "आजोबा, तो मूकपट होता, त्यात आरोळी कशी ऐकू येईल?" त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिले व म्हणाले, "तुम्ही शिकलेली माणसं. आम्ही ऐकली, ती ऐकली."

ही गोष्ट मी पुष्कळ वर्षे विनोद म्हणून सांगत असे. आता ती मला विनोदी वाटत नाही. आजोबांनी काय ऐकले असेल? प्रभात कंपनीने १९३३ साली त्याच कादंबरीवरून 'सिंहगड' हा बोलपट काढला. तो त्यांनी पुढे पाहिला असणे शक्य आहे. यात्रेत गोंधळ्यांच्या तोंडून तुळशीदास शाहिराचा पोवाडा तर त्यांनी किती वेळा ऐकला असेल, याची गणतीच नाही. तंबूत पडद्याशेजारी उभा राहून चित्रपटातील पाट्या मोठ्याने वाचून दाखविणारा एखादा इसम असे. खालचा प्रेक्षक निरक्षर असल्यामुळे ती मोठी सोय होती. त्याने हौसेने आरोळी ठोकली असेल. अथवा जवळच्या कोणा प्रेक्षकाने ठोकली असेल. या साऱ्यांपैकी कोणती आरोळी त्यांच्या कानात राहिली, हे आता सांगता येणार नाही. ते खोटे बोलत नव्हते, एवढे मात्र निश्चित.

अशी सरमिसळ एकट्या आजोबांचीच झाली असे नाही. बाबूरावांचा 'सावकारी पाश' हा १९२५ चा मूकपट नारायण हरि आपट्यांच्या कथेवरचा. १९३६ मध्ये त्यांनी तोच बोलपट म्हणून पुन्हा केला. निर्माते जे. बी. एच. वाडिया यांनी त्याविषयीची आठवण लिहून ठेवली आहे. मंद प्रकाशातील एक उदास झोपडी दुरून दिसते आणि कुत्र्याचे केविलवाणे रडणे ऐकू येते, असे ते चित्र आहे. मूकपट त्यांना अंधुक आठवत होता व हे चित्र त्यांनी बोलपटासंबंधी सांगितले आहे. परंतु कीर्ती मूकपटाची अधिक असल्याने, वाचणारा ती झोपडी आणि ते कुत्रे सहज १९२५ च्या खात्यावर मांडून मोकळा होतो. नष्ट झालेल्या कलाकृतीच्या बाबतीत हे पहिले संकट असते. ती नाहीशी होते आणि तिच्या रिकाम्या जागेत शेजारची घरे आपापल्या भिंती सरकवू लागतात.

'सिंहगडा'च्या शेजारी तर घरांची दाटीच आहे. मुळात एक लढाई झाली, ती ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री, माघ वद्य नवमीस. तिच्यावर पोवाडा झाला. त्यात यशवंती घोरपड आली, जिला इतिहासकार थारा देत नाहीत आणि जनता सोडीत नाही. मग १९०३ च्या सुमारास हरिभाऊंची कादंबरी झाली. गड पडल्यावर त्याचे नाव सिंहगड पडले, हे आपण सारे शाळेत शिकलो. परंतु ते नाव लढाईपूर्वीच्या कागदांतही आढळते, असे संशोधकांनी दाखवून दिले आहे. म्हणजे ज्या वाक्यासाठी कादंबरी लिहिली गेली, त्या वाक्याचा इतिहासातील पायाच डळमळीत आहे. त्यामुळे कादंबरीचे काही बिघडत नाही. ललितकृतीस असल्या पायाची गरज नसते. मात्र कोणती वीट कोणत्या घराची, हे टीकाकाराने विसरता कामा नये.

आता त्या मूकपटाकडे वळू. बाबूराव मेस्त्री, म्हणजेच बाबूराव पेंटर, हे कोल्हापूरचे. चुलतभाऊ आनंदराव यांच्यासह ते नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत. दोघांनी मिळून चित्रपटाचा कॅमेरा स्वतः घडविण्याचे मनात घेतले. १९१६ मध्ये आनंदराव वारले आणि ते काम बाबूरावांनी शिष्य दामले यांच्या मदतीने पुरे केले. याच कॅमेऱ्याने महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' १९२० मध्ये लोकांपुढे आला. विलायतेहून यंत्र मागवून त्याची किल्ली फिरविणे वेगळे आणि ते घरी ओतून, कातून, जुळवून उभे करणे वेगळे. अशा माणसाची पडद्यावरील दृष्टी हाताने काम करणाऱ्याची असते. ज्याने हयातभर रंगवलेल्या पडद्यांवर राजवाडे काढले, त्यानेच चित्रपटात त्या पडद्यांना रजा देऊन घन, उंची-खोली असलेले देखावे बांधले. आपल्या हातच्या कसबाचा मोह सोडणे किती अवघड असते, हे कोणत्याही कारागिरास विचारावे.

'सिंहगडा'त बाबूरावांनी विजेचे प्रखर दिवे लावून चित्रण केले, आणि कृत्रिम प्रकाशाच्या अशा उपयोगाचे भारतातील पहिलेपण या चित्रपटास दिले जाते. चित्रपटाच्या इतिहासांत ही गोष्ट यंत्रविद्येतील प्रगती म्हणून एका ओळीत नोंदवलेली असते. मला ती वाङ्मयीन गोष्ट वाटते. तोवर आपले चित्रपट सूर्यप्रकाशात घेतले जात. रात्र दाखवावयाची तीही दिवसाच. पुराणकथेस ते चालून जाते, कारण देवांच्या लीलेस घड्याळ लागत नाही. परंतु तानाजीची कथा ही रात्रीचीच कथा आहे. कडा, दोर, अंधार आणि अंधारात किती माणसे वर आली याचा आतल्यांना न लागलेला पत्ता, ही तिची सामग्री. कादंबरीकार 'रात्र होती' एवढे दोन शब्द लिहितो व वाचक रात्र आपल्या पदरची घालतो. चित्रपटकारास ती उसनी मिळत नाही. ती त्याला उजेड पाडून निर्माण करावी लागते. कादंबरीने मागितलेली रात्र देण्यासाठी बाबूरावांना दिवे आणावे लागले. माझ्या मते, रूपांतर म्हणजे काय हे समजावून देण्यास याहून चांगले उदाहरण सापडणार नाही.

दुसरी गोष्ट नावाची. हरिभाऊंच्या कादंबरीचे नाव हे एक उच्चारलेले वाक्य आहे. त्यात मिळकत आणि हानी एकाच श्वासात येतात, आणि 'पण' या एका अक्षरजोडीवर सगळी कादंबरी तोललेली आहे. मूकपटास हे वाक्य बोलता येत नाही. फार तर पाटीवर लिहून दाखवता येते. कंपनीने नाव ठेवले 'सिंहगड'. शोक गेला आणि स्थळ राहिले. हे केवळ जाहिरातीच्या सोयीने झाले असेल; तरीही मला त्यात एक प्रामाणिकपणा दिसतो. आम्ही तुम्हाला ते वाक्य ऐकवू शकणार नाही, गड दाखवू शकू, असेच जणू ते नाव सांगते. दहा वर्षांनी बोलपटाला वाणी मिळाली, तेव्हा बाबूरावांच्याच हाताखाली तयार झालेल्या शांतारामांनी तीच कादंबरी पुन्हा घेतली. पण नाव मात्र गुरूचेच ठेवले. शांतारामांनी गुरूच्या 'सिंहगडा'त शेलारमामाची भूमिका केली होती. तेव्हा त्यांच्या बोलपटातील मूकपटाचा अंश कोणता, हा प्रश्न अतिशय मोहक आहे, आणि मूकपट समोर नसल्यामुळे तितकाच निरुपयोगी.

माझ्या विद्यार्थ्याच्या बेताला माझा खरा आक्षेप येथून सुरू होतो. कादंबरी हातात आहे म्हणून चित्रपट हाती लागेल, हे त्याचे गृहीतक आहे. वस्तुस्थिती उलट आहे. रूपांतरकाराची प्रतिभा त्याने काय घेतले यात जितकी दिसते, त्याहून अधिक त्याने काय टाकले यात दिसते. आणि टाकलेले कोणते, हे कादंबरीच्या पानांवर कोठेच लिहिलेले नसते. हरिभाऊंच्या कादंबरीत सती जावयास निघालेली कमलकुमारी आहे, तिला बळाने नेणारा उदयभानू आहे आणि पाने-पाने चालणारे संवाद आहेत. हरिभाऊ 'करमणूक' चालविणारे संपादक. वाचकाला पुढच्या अंकापर्यंत टांगून ठेवण्याची विद्या त्यांच्या अंगी मुरलेली होती. आठवड्याच्या मापाने शिवलेला हा अंगरखा बाबूरावांनी दोन-तीन तासांच्या मूक देहावर कसा बसविला? संवाद किती कापले? कमलकुमारीस किती वेळ दिला? लढाईच्या आधी शांतता किती ठेवली? याची उत्तरे त्या रिळांत होती. कादंबरी वाचून यंत्र जे काढील, ते कादंबरीचे चित्र होईल. बाबूरावांचा त्याच्याशी काही संबंध राहणार नाही; फक्त त्यांचे नाव त्यावर लागेल.

ती रिळे गेली कशी, हेही जाणले पाहिजे. त्या काळची फिल्म नायट्रेटची; ती जात्याच ज्वालाग्राही. एकदा पेटली की स्वतःतूनच प्राणवायू पुरवते, पाण्यातही विझत नाही. न पेटली तरी उष्ण व दमट हवेत कुजते. प्रथम चित्र फिकटते, मग फीत चिकट होते, रीळ गुळाच्या ढेपेसारखे एकजीव होते आणि शेवटी तपकिरी भुकटी उरते. यात्रेत यंत्र चालविणारा माणूस तुटलेल्या फितीचे तुकडे फेकून देई, ते मुले वेचून नेत. आजोबांच्या पेटीत असे दोन-तीन तुकडे एका डबीत होते. ते कोणत्या चित्रपटाचे, हे त्यांनाही ठाऊक नव्हते. एके वर्षी पावसाळ्यानंतर डबी उघडली तेव्हा आत चिकट काहीतरी झाले होते व उग्र वास येत होता. आजीने ते चुलीत टाकले. भस्सकन ज्वाळा वर आली, आजी मागे सरली आणि मग दोन दिवस आजोबा तिच्याशी धड बोलले नाहीत.

जे कुजले नाही ते पुष्कळदा विकले गेले. फितीवरील लेपात चांदी असते. चित्रपट जुना झाला, बोलपट आले, तेव्हा रिळे धुऊन चांदी काढणे हाच त्यांचा व्यवहारी उपयोग उरला. आपल्या देशात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले असे मानतात. त्यांतील पूर्ण अथवा अर्धेमुर्धे असे उरले आहेत ते फारच थोडे. पुण्यास १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले व पी. के. नायर यांच्यासारखा, एकेका डब्यासाठी दारोदार हिंडणारा अधिकारी त्यास लाभला, म्हणून तेवढे तरी उरले. आणि मिळवलेलेही सुखरूप राहील अशी शाश्वती नव्हती. ८ जानेवारी २००३ रोजी, ज्या आवारात एके काळी प्रभात कंपनी नांदत होती त्याच आवारात, नायट्रेटच्या कोठारास आग लागली व पाच हजारांवर रिळे भस्म झाली.

या संग्रहालयात एक मूकपट आहे, त्याची हकीकत 'सिंहगडा'च्या अगदी उलट आहे. तो आमच्या भाषेतील नव्हे. सी. व्ही. रामन पिळ्ळै यांच्या १८९१ च्या मल्याळी कादंबरीवरून निघालेला तो 'मार्तंड वर्मा'. १९३३ च्या सुमारास त्रिवेंद्रमला त्याचे थोडेच खेळ झाले असतील नसतील, तोच कादंबरीच्या प्रकाशकाने हक्काचा दावा लावला. न्यायालयाच्या हुकुमाने चित्रपट जप्त होऊन पुस्तकांच्या दुकानात जाऊन पडला. निर्माता बुडाला. १९७४ मध्ये संग्रहालयाने तो तेथून मिळविला व नवी प्रत करून घेतली. लोकांनी जवळजवळ न पाहिलेला हा मूकपट आज पाहता येतो. ज्यास गर्दी झाली तो 'सिंहगड' मात्र पाहता येत नाही. ती गर्दी पाहूनच सरकारने त्या साली मुंबई इलाख्यात करमणुकीवर कर बसविला, अशी आख्यायिका आहे. कर १९२३ चाच, एवढे खरे. लोकप्रिय चित्रपटाच्या प्रती गावोगाव, तंबूतंबूतून फिरतात, ओरखडतात, तुटतात, जोडल्या जातात आणि झिजून संपतात. पोथीसारखे येथे घडत नाही. पोथी प्रिय झाली की तिच्या नकला वाढतात.

पाश्चात्य देशांत असल्या जीर्णोद्धाराचे एक गाजलेले उदाहरण आहे, व माझ्या विद्यार्थ्याने तेच माझ्या अंगावर घातले. फ्रँक नॉरिसच्या 'मॅक्टीग' या कादंबरीवरून एरिक फॉन स्ट्रोहाइम याने 'ग्रीड' हा मूकपट केला. कादंबरीतील काहीच टाकावयाचे नाही, असा त्याचा हट्ट. चित्रपट नऊ तासांच्या आसपास झाला. कंपनीने कापून कापून तो सव्वादोन तासांवर आणला आणि १९२४ मध्ये प्रदर्शित केला. कापलेला भाग नष्ट झाला. चांदीसाठी, असे म्हणतात. पुढे १९९९ मध्ये जुळणी करणाऱ्यांनी तो चार तासांचा केला. पण कसा केला, हे पाहण्यासारखे आहे. त्यांच्याजवळ स्ट्रोहाइमची मूळ चित्रण-संहिता होती आणि चित्रणाच्या वेळी काढलेली शेकडो छायाचित्रे होती. गेलेल्या प्रसंगांच्या जागी त्यांनी ती स्थिर छायाचित्रे ठेवली. प्रेक्षकास क्षणोक्षणी कळत राहते की येथे चित्र हलत नाही, कारण हलणारे चित्र गेले आहे. ठिगळ हे ठिगळच दिसते. मला यात त्या मंडळींची सभ्यता दिसते.

आपल्याकडे एवढी काळजी नसते. आमच्या भागातील एका देवळाचा काही वर्षांपूर्वी जीर्णोद्धार झाला. झिजलेल्या वीरगळावरील घोडेस्वार ओळखू येईना, म्हणून उत्साही मंडळींनी त्यावर तैलरंग दिला, मिशा काळ्या केल्या, अंगरखा भगवा केला. आता तो दुरूनही ओळखू येतो. कोणाचा आहे, कोणत्या काळचा आहे, हे सांगणाऱ्या रेषा मात्र रंगाखाली गेल्या. हेतू वाईट नव्हता, म्हणूनच कोणास रागावताही येत नाही.

चित्रपटांतही याचे उदाहरण हवे असेल तर फाळक्यांचे घ्यावे. 'राजा हरिश्चंद्रा'ची जी दोन रिळे उरली आहेत, ती १९१३ च्या पहिल्या चित्रपटाची म्हणून आपण वर्षानुवर्षे पाहत आलो. ती १९१७ च्या दुसऱ्या प्रयत्नाची आहेत, असे आता अभ्यासक म्हणतात. खुद्द फाळक्यांच्या हातची, खरीखुरी रिळे असूनही एवढी चूक इतकी वर्षे टिकली. मग ज्यात बाबूरावांच्या हातचा एकही तुकडा नाही, असे गुळगुळीत हलते चित्र एकदा 'सिंहगड, १९२३' या नावाने बाहेर पडले, की वीस वर्षांनी ते कोण वेगळे काढणार? आजोबांना ऐकू आलेल्या आरोळीस निदान आजोबांची साक्ष होती. यंत्राने काढलेल्या आरोळीस कोणाचीच नसेल, आणि तरी तीच सर्वांना ऐकू येईल.

विद्यार्थ्याचे यावर म्हणणे असे, की मग काय, काहीच करू नये? लोकांनी बाबूरावांना विसरून जावे? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर मजजवळ अर्धेच आहे. जे आहे ते मांडावे. छायाचित्रे असतील ती छायाचित्रे म्हणून दाखवावीत. 'सिंहगडा'ची कोणती आणि कंपनीच्या दुसऱ्या चित्रपटांची कोणती, हे प्रत्येकाखाली लिहावे. छायाचित्रांखाली कादंबरीतील उतारा द्यावयाचा तर तो हरिभाऊंचा म्हणून द्यावा. जुन्या घरांतील पेट्यांत खेळांच्या पुस्तिका, हस्तपत्रके असतात, ती धुंडाळावीत. वेगाकडेही लक्ष द्यावे: मूकपट हाताने फिरविलेल्या कॅमेऱ्याचे, सेकंदाला सोळा-अठरा चित्रांच्या मापाचे. ते बोलपटाच्या चोवीसच्या वेगाने चालविले की वीरपुरुष माकडासारखे टुणटुण धावतात आणि नवी पिढी समजते की आपले पूर्वज असाच अभिनय करीत. कोठे अस्सल तुकडा गवसलाच, तर निदान तेवढी दुर्दशा तरी त्याची होऊ नये.

हे सारे त्याने निमूटपणे वहीत लिहून घेतले. पटले असे त्याच्या चेहऱ्यावर दिसले नाही. पैसे देणारी मंडळी छायाचित्रे आणि पाट्या पाहण्यास पैसे देणार नाहीत, हे त्याने मला नम्रपणे सांगितले, व ते खरेच असेल. ओतूरकडे जाणारी संध्याकाळची गाडी गाठावयाची म्हणून तो उठला. पायऱ्या उतरताना थांबून त्याने विचारले, "सर, समजा तुमच्याच पद्धतीनं केलं, तर कड्यावरच्या प्रसंगाचं एकही छायाचित्र मिळालं नाही तर तिथं काय ठेवू?"

मी म्हणालो, "पडदा काळा ठेव. आणि खाली लिही, हा भाग उपलब्ध नाही."

"किती वेळ?"

त्याचे उत्तर मला देता आले नाही. गाडीचा भोंगा वाजला आणि तो वही काखेत मारून रस्त्याकडे धावला.